इसार घेण्याआधी सांग

धुळे

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तू जळगावात घरं-प्लॉट विकून देण्याचं काम धरलंस, ते मला मनापासून आवडलं. नातेवाईक ‘दलाली’ म्हणून नाक मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकून दस्त लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. एसटीतून निवृत्त झालेला माणूस फंडाचे पैसे घेऊन येतो, दस्ताची पानं नुसती उलटतो आणि सही करण्याआधी एजंटच्या तोंडाकडे बघून विचारतो, "भाऊ, समदं बरोबर शे ना?" त्या वेळी त्याचा सगळा भरवसा एजंटवर असतो.

पिंप्राळ्याच्या रो-हाऊसबद्दल तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून मनात घोळतंय. मिळकत मालकाच्या वडिलांच्या नावची, एका बहिणीने हक्कसोड दिलेला, दुसरीची सही बाकी. मालक म्हणतो, इसार होऊ द्या, मग बहिणीला समजावतो, तोवर गिऱ्हाइकाला काही बोलू नका. पोरी, बोल. आजच बोल. वारसाने आलेल्या मिळकतीत बहिणीचा वाटा भावाइतकाच असतो. गिऱ्हाईक कर्ज काढणारं असेल तर बँकेचा वकील हे पकडेल, पण तोवर इसाराचे पैसे मालकाने खर्चून टाकलेले असतात. आणि फंडाच्या पैशातून घेणारं असेल तर पकडणारं कुणीच नाही. मग बहीण वाटणीचा दावा लावते आणि तो वर्षानुवर्षं चालतो. ‘त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही’ ही सबब मी पुष्कळ एजंटांच्या तोंडून ऐकली आहे. काय विचारायचं हेच ज्याला ठाऊक नाही, तो विचारणार कसा?

सातबारा, विशेषतः त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना, गिऱ्हाइकासमोर बोट ठेवून वाचत जा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असल्याचा शेरा, सगळं. शहरातल्या घराला मिळकत पत्रिका असेल तर ती. आपल्याकडे तर पाण्याचंही सांगावं लागतं. दिवाळीनंतर घर दाखवलं की बोअरला भरपूर पाणी असतं. मे महिन्यात ते कुठे जातं, नळ किती दिवसांनी येतो, हे शेजाऱ्यांना विचारून ठेव आणि आपणहून सांग. नदीकाठचा प्लॉट असेल तर पूररेषेचा नकाशा बघ. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट ‘नदीकाठचा मोकळा वारा’ म्हणून विकणारे मी इथे पांझरेच्या काठी पाहिले आहेत. मला त्यांचा आजही राग येतो.

तू महारेराची, म्हणजे घरविक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, परीक्षा देऊन नोंदणी घेतलीस, याचा मला अभिमान आहे. रेरा कायदा २०१६ चा, आपल्या राज्यात महारेरा सुरू झालं मे २०१७ मध्ये, आणि एजंटांना परीक्षा २०२३ पासून आली. प्रकल्पाची नोंदणी नसेल तर त्यातली घरं एजंटने विकूच नयेत. नोंदवलेला करार होण्याआधी बिल्डरने किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये. हे सगळं तुला पाठ आहे. पण जुन्या घराच्या फेरविक्रीवर हा पहारा नाही, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या छोट्या बांधकामांना नोंदणीही लागत नाही, आणि खानदेशातल्या शहरांत तुझ्यासारख्यांचा बराच धंदा नेमका तिथेच आहे. तिथे गिऱ्हाइकाला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

‘वरचे’ कधीच घेऊ नकोस. मालकाला तीस लाख सांगायचे, घेणाऱ्याला बत्तीस, आणि मधले दोन लाख खिशात घालायचे, ही चोरीच आहे. तिला धंद्यातलं कौशल्य म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा. दोन्हीकडून कमिशन घेणार असशील तर दोघांनाही पहिल्याच दिवशी सांग. रोखीची मागणी मान्य करू नकोस. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. गिऱ्हाइकाला बसणारी झळ त्याहून मोठी. व्यवहार मोडला की त्या पैशांचा कागद त्याच्याकडे नसतो.

असं केल्याने काही सौदे हातचे जातील. पिंप्राळ्याचाही जाईल कदाचित. घरभाड्याची अडचण आली तर मला सांग, मी आणि तुझी आई आहोत.

आणि ज्या घराचे कागद तू नीट तपासलेस, फेरफार आणि सर्च रिपोर्ट स्वतः वाचलास, त्याचं ठरलेलं कमिशन पूर्ण माग. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी संकोच करू नकोस, आणि पैसे मिळाले की नोंदणी क्रमांक टाकून पावती दे. पावतीपुस्तक इथे छापून घेतो. क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठव.

तुझे,
आप्पा