तैवानी खाणं म्हणजे नुसतं वासाचं टोफू नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी खाण्यावर पानभर लेख आला होता, त्यात तैवानच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आणि त्या चारही ओळींत बबल टी आणि वास मारणारं टोफू. मी तैवानमधल्या शिनचू शहरात राहते. इथल्या सायन्स पार्क आणि युनिव्हर्सिट्यांमुळे बरीच मराठी मंडळी इकडे आहेत, दरवर्षी नवी मुलंमुली पीएचडीला येतात आणि त्यांच्या आयांचा पहिला प्रश्न हाच असतो की तिकडे खातात तरी काय. तो लेख वाचून एखादीची झोपच उडाली असेल, म्हणून म्हटलं लिहावं.

तर ऐका. भाड्याच्या खोल्यांना इथे बरेचदा स्वयंपाकघरच नसतं, त्यामुळे रात्री दमून घरी आलं, बाहेर पाऊस आणि शिनचूचा तो प्रसिद्ध वारा, की लोक फोन काढून जे मागवतात ते लू रोऊ फान. डुकराच्या पोटाकडचं चरबीवालं मांस बारीक चिरून सोया सॉस, राइस वाइन, थोडी साखर, पाच मसाल्यांची पूड आणि तळलेला छोटा कांदा घालून तासन् तास मंद आचेवर शिजवतात आणि तो दाट, चिकट, गोडसर-खारट रस्सा गरम भातावर ओततात. वर पिवळ्याधमक मुळ्याच्या लोणच्याची एक चकती, जास्त पैसे दिले तर त्याच रश्शात मुरलेलं अंडं. बास. हा इथला वरणभात आहे, आणि लोक त्याबद्दल तेवढेच हळवे आहेत. 2011 मध्ये मिशलिन या फ्रेंच कंपनीच्या एका प्रवासी गाइडने हा पदार्थ मूळचा चीनच्या शांतुंगचा असं छापलं, तर तैपेई महापालिकेनं हजार वाट्या फुकट वाटून निषेध केला!

आता डिलिव्हरीचं माझं साधं मत सांगते: जे शिजत राहिलंय ते मागवा, जे तळलंय ते चालत जाऊन खा. लू रोऊ फान डब्यात अर्धा तास राहिलं तर बिघडत नाही, उलट भात रस्सा पितो. याउलट यान सू ची, म्हणजे रताळ्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळलेले चिकनचे तुकडे, वर मिरपूड-मीठ आणि सोबत तळलेली बेसिलची पानं, हे नाइट मार्केटमध्ये कागदी पिशवीतून काडीने टोचून खाताना स्वर्ग, पण तेच पिशवीचं तोंड बांधून स्कूटरवरून आलं की वाफेनं सगळं आवरण ओलं आणि बेसिल काळं पडून चिकटलेलं. तरीही लोक मागवतात, मीही मागवते, आणि दरवेळी चिडते.

नूडल्सचं मात्र इथल्या दुकानदारांनी छान जमवलंय. सूप वेगळ्या वाडग्यात झाकण घट्ट लावून, नूडल्स वेगळ्या, आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याची चिमुकली पुडी वेगळी, घरी आल्यावर आपणच एकत्र करायचं. बीफ नूडल सूप हा इथला मानाचा पदार्थ, 1949 नंतर चीनमधून आलेल्या सैनिकांच्या वस्त्यांमधून तो पसरला असं मानतात. आपल्यातले बरेच जण खात नाहीत, पण गंमत म्हणजे जुन्या तैवानी शेतकरी घरांतले लोकही खात नाहीत, नांगराला जुंपलेला बैल कसा खायचा म्हणून. हे कळल्यावर माझ्या सासूबाईंना तैवान एकदम जवळचं वाटायला लागलं. अशांसाठी तिळाच्या पेस्टमधल्या कोरड्या नूडल्स आहेत, आणि डुक्करही नको असेल तर चियायी गावची खासियत असलेला टर्कीभात: टर्कीचे उभे तोडलेले धागे, त्यावर तिचीच वितळलेली चरबी आणि तळलेला कांदा. हलकं वाटतं, नसतं.

शाकाहारी लोकांची काळजी मात्र उगाच केली जाते. बौद्ध परंपरेमुळे इथे निव्वळ शाकाहारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, पाकिटावर शाकाहाराचा प्रकार छापावा लागतो, अंडं चालतं का, दूध चालतं का, कांदा-लसूण वर्गातलं काही आहे का. बौद्ध शाकाहारात कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या पाच गोष्टी वर्ज्य मानतात, त्या यादीत चक्क हिंगही आहे! शिताके मशरूम आणि सोयाचा शाकाहारी लू भात मिळतो, तो बिनधास्त मागवा. धोका साध्या दुकानात आहे. नुसती उकडलेली पालेभाजी मागवली तरी वर चमचाभर मांसाचा रस्सा घालून देतात, त्यांच्या दृष्टीने तो लाड असतो, म्हणून ऑर्डरच्या नोटमध्ये 'मांसाचा रस्सा नको' असं चिनीत स्पष्ट लिहायचं. नवीन मुलांनी ते चिनी वाक्य फोनमध्ये सेव्ह करूनच ठेवावं.

बबल टीबद्दल तुमच्या लेखात 'गोड पेय' एवढंच होतं. अहो, इथे गोडी आणि बर्फ दोन्ही आपण ठरवतो, पूर्ण, सत्तर टक्के, अर्धी, तीस किंवा शून्य साखर. त्यातले काळे मोती कसाव्याच्या स्टार्चचे, म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचे. आणि साबुदाण्याची खिचडी गार झाली की कशी होते ते तुम्हाला सांगायला नको, मोतीही बर्फात बसून कडक होतात, तेव्हा घरी मागवताना बर्फ कमी सांगावा आणि आल्या आल्या प्यावं. हा चहा पहिल्यांदा कोणी केला यावरून ताइचुंग आणि ताइनानची दोन दुकानं दहाएक वर्षं कोर्टात भांडली, 2019 मध्ये कोर्टानं सांगितलं की हे ठरवायची गरजच नाही.

ॲपवर दुकानापेक्षा दर चढे असतात हे खरंच, त्यावर डिलिव्हरीचे वेगळे. चाळीस-पन्नास तैवानी डॉलरच्या भाताला तेवढाच वरखर्च बसतो, म्हणून ऑफिसात पाच-सहा जण मिळून एकच ऑर्डर टाकतात. 2024 मध्ये उबर ईट्सला फूडपांडाचा इथला धंदा विकत घ्यायचा होता, सरकारी आयोगानं डिसेंबरमध्ये नाही म्हटलं, स्पर्धाच उरणार नाही म्हणून. मला तो निर्णय पटला. दोन ॲप असताना हे दर, एकच राहिलं असतं तर विचारायलाच नको.

तर पुढच्या वेळी तैवानवर छापाल तेव्हा लू रोऊ फानची पाककृती छापा, हवं तर चिकनच्या खिम्याची. तळलेला कांदा मात्र कमी करू नका.

आपली एक वाचक,
शिनचू, तैवान