चौघींची नावं

सांगली,
रविवार, दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू टीव्हीवर लावून दिलेली ती कोरियन मालिका, 'द रेड स्लीव्ह', काल रात्री संपली. १७ भाग. शेवटचा भाग संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि बाबा कधीच झोपले होते. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन शेवटची दहा मिनिटं पुन्हा पाहिली, आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिले. फोनवर बोलताना तुझं अर्धं लक्ष कामात असतं, म्हणून लिहायला घेतलं. रात्री निवांत वाच.

सुरुवातीला सबटायटल्स वाचेपर्यंत माणसं बोलून मोकळी व्हायची. दोन भाग मी नुसते कपडे बघत काढले. मग ग्रंथालयातला तो प्रसंग आला. दॉक-इम ही वाड्यातली दासी, मालिकेची नायिका. तिला ठाऊक नाही की समोरचा तरुण खुद्द युवराज आहे. तिला तो शिकवणारा कुणी अधिकारी वाटतो. तो तिला माफीपत्र लिहायला लावतो, वाचतो, पसंत नाही म्हणून परत करतो, ती पुन्हा लिहून आणते. एकतीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या, सोनू. कुणाचं अक्षर रागात आहे आणि कुणाचं घाबरून आलंय, ते पान उलटताच कळतं. त्या पोरीला लिहिताना पाहिलं आणि मी मालिकेत शिरले ती शिरलेच.

नावाचा अर्थ तू सांगितला होतास, बाहीची लाल किनार. राजवाड्यातल्या दासींच्या बाहीला ती असते आणि त्या राजाच्या मालकीच्या असल्याची ती खूण. कोरियात जोसॉन घराण्याचं राज्य १३९२ पासून १९१० पर्यंत चाललं. एवढ्या काळात किती मुली त्या दारातून आत गेल्या असतील! लहानपणीच जायच्या. शिवण, स्वयंपाक, धुणं, झोपायच्या दालनाची व्यवस्था, ज्या कामाला लावतील त्यात वाढायच्या. पंधराएक वर्षं झाली की त्यांचा एक विधी व्हायचा. नवरीसारखा साज, केस वर बांधलेले, आणि नवरा कुणीच नाही. त्यानंतर जन्मभर लग्न करायचं नाही. आजारी पडलं किंवा जिची सेवा करायची ती व्यक्ती वारली, तरच वाड्याबाहेर पडता यायचं. हे कळल्यापासून त्या मुली अंगणात हसताना दिसल्या की माझ्या पोटात कालवायचं.

बाबा पेपर वाचत बसायचे, ते म्हाताऱ्या राजासाठी मालिकेत आले. यॉंगजो. ५२ वर्षं गादीवर होता, जोसॉनमध्ये इतकं दुसरं कुणीच राहिलं नाही. तो गोड बोलायला लागला की बाबा म्हणायचे, "आता बघ, याचं काहीतरी बिनसणार." १७६२ च्या उन्हाळ्यात त्याने पोटच्या मुलाला, सादोला, तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत कोंडलं. आठव्या दिवशी तो गेला. नातू तेव्हा दहा वर्षांचा, वडिलांसाठी आजोबांपुढे गयावया करणारा. तोच आपला नायक, यी सान, पुढचा जॉंगजो राजा. सादोची बायको हेग्यॉंग हिच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक तू पाठवलंस, ते मी शब्दकोश जवळ घेऊन वाचतेय. तिने लिहिलंय की सासरे सादोशी बोलून झाल्यावर कान धुवायचे. अशुभ ऐकलं की कान धुवायची त्यांची रीतच होती आणि मुलाचा आवाज त्यांनी त्यात धरला होता. हे वाचल्यावर मला पेटीपेक्षा त्या पाण्याच्या भांड्याचीच जास्त भीती वाटली. पेटी एकदाच आली, भांडं रोज यायचं.

१७७६ मध्ये सान गादीवर आला. कागदोपत्री त्याला मेलेल्या थोरल्या काकांचा मुलगा ठरवलेलं होतं. राज्यावर बसल्या दिवशीच त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की मी सादोचा मुलगा आहे. बाबा त्या प्रसंगाला ताठ बसले होते. मी काही बोलले नाही.

आता दॉक-इमविषयी. ती खरी होऊन गेली, १७५३ चा जन्म. राजाने तिला राणीवशात येण्याबद्दल पहिल्यांदा विचारलं १७६६ मध्ये, तो युवराज असताना. ती रडली आणि नाही म्हणाली. युवराज्ञीला अजून मूल नाही, मी हे कसं करू, असं कारण दिलं. तेव्हा त्याने ऐकलं. पंधरा वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही. मग त्याने तिच्या हाताखालच्या नोकरांना शिक्षा केली आणि तेव्हा ती तयार झाली. हे त्याने स्वतःच तिच्या समाधीसाठी लिहिलेल्या लेखात सांगितलंय. तुम्ही मैत्रिणी त्या दोघांच्या प्रेमाबद्दल भरभरून बोलता. प्रेम होतंच, त्याने किती झुरून लिहिलंय. पण नोकरांना शिक्षा झाल्यावर आलेला होकार मला होकार वाटत नाही, आणि मालिकेनेही तो तसा दाखवला नाही, म्हणून ती मला इतकी आवडली. ती का नाही म्हणत होती ते मालिका नीट दाखवते. दासी होती तोवर तिला तिचं काम होतं, गोष्टी वाचून दाखवणं होतं, मैत्रिणींबरोबर रात्री चोरून खाणं होतं. राणीवशात गेल्यावर दिवसभर एकच काम, त्याची वाट बघणं. मग दोन मुलं झाली. मुलगी लगेच गेली, चार वर्षांचा मुलगा १७८६ मध्ये गोवराने गेला, आणि त्याच वर्षी, पोटात आणखी एक जीव असताना, तीही गेली. तेहतीस वर्षांची होती.

आणि आता खरं ज्यासाठी लिहितेय ते. १७७३ मध्ये सानच्या दोन बहिणींनी आणि काही दासींनी मिळून एका लांबलचक कादंबरीची हाताने नक्कल केली. ती प्रत आजही आहे आणि कोणतं पान कुणी लिहिलं त्याची नोंदही त्यात आहे. त्यात दॉक-इमचं नाव आहे, आणि बरोबर ग्यॉंग-ही, यॉंग-ही, बोक-यॉन. मालिकेतल्या तिच्या तिघी मैत्रिणी! मी समजत होते लेखिकेने कल्पनेने रचल्या. रचल्या असतीलही, पण नावं खरी आहेत. त्या तिघी कशा दिसायच्या, कुठे गेल्या, कुणालाच माहीत नाही. एका वहीत शेजारी शेजारी बसून लिहिलं म्हणून त्यांची नावं उरली. दिव्याच्या उजेडात चार डोकी एका कागदावर वाकलेली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. आपल्याकडे माझ्या आजीने हाताने उतरवलेला शिवलीलामृताचा अकरावा अध्याय आहे ना, कपाटात लाल फडक्यात बांधलेला? तिचा एकही फोटो नाही, तेवढं अक्षर आहे. काल रात्री मी तो बाहेर काढून पाहिला. मध्येच एका पानावर अक्षर बदलतं. चार ओळी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातच्या आहेत, तिरक्या, घाईच्या. इतकी वर्षं ती पोथी घरात आहे आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आजीने हात दुखला म्हणून कुणाला बसवलं असेल? शेजारीण? जाऊ? विचारायला आता कुणी राहिलं नाही.

शेवटच्या आजारात दॉक-इम मैत्रिणींना बोलावून घ्या म्हणते आणि दारातून येतो राजा. ते बघताना मला रडू आवरलं नाही. तिने ज्यांना बोलावलं त्या यायला हव्या होत्या गं.

डी.एड.च्या वसतिगृहात आम्हीही चौघी होतो, तुला फोटो दाखवलाय. एकीचं लग्न झालं आणि ती बेळगावला गेली, एक जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि तिसरी इथेच मिरजेला, पाच-सहा मैलांवर. तिच्याशी मी शेवटचं बोलले तुझ्या बारशाला. भांडण नाही, काही नाही. घर, शाळा, सासूबाईंचं आजारपण, असंच राहून गेलं. आज सकाळी पूजा झाल्यावर जुन्या वहीतून तिचा घरचा नंबर शोधला. तिच्या सुनेने उचलला, मग ती आली. मी नाव सांगितलं तर ती काही बोलेचना, आणि मग म्हणाली, "अजून तसंच बोलतेस." पाऊण तास बोललो. मी तिला मालिकेचं सांगितलं, बाहीचं, वहीचं, सगळं. तिला इंग्रजी अक्षरं पटापट वाचता येत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. म्हटलं, मी वाचून सांगते मराठीत, तू नुसती बघ.

येत्या शनिवारी ती राहायला येतेय. बाबांना सांगितलंय, तेही पुन्हा पहिल्यापासून बघणार म्हणतात. तेवढं शुक्रवारच्या आत फोन करून सांग, पहिला भाग परत कसा लावायचा. रिमोटवर मी काय दाबलं कोण जाणे, ते आता थेट शेवटचाच भाग उघडतंय.

तुझी,
आई