स्पीकर किटमधला सेल खोटा आणि चार्जिंग बोर्ड फोटोपेक्षा वेगळा, दोन्हीबद्दल तक्रार

नमस्कार,

घरी लाकडी ब्लूटूथ स्पीकर बनवायचं तुमचं किट मागवलं होतं, ऑर्डर नंबर ईमेलच्या विषयात टाकलाय. लाकूड तेवढं माझं, जुन्या कपाटाच्या सागाच्या फळ्या, बाकी सगळं तुमचं. आवाजाबद्दल काहीच म्हणणं नाही, 3 इंची स्पीकर छान वाजतो. तक्रार बॅटरीची आहे आणि ती गंभीर आहे म्हणून एवढं लिहितोय.

18650 साइजच्या लिथियम सेलवर 9900 एमएएच क्षमता छापलीय. अहो या साइजमध्ये चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा 3500 च्या आसपास असतो, 9900 येणार कुठून? टेस्टरला लावला तर 1100 पण भरले नाहीत, वजन केलं तर 30 ग्रॅमच्या आत, चांगला सेल 45 च्या आसपास भरतो. ही सरळ फसवणूक आहे.

त्याहून वाईट म्हणजे चार्जिंग बोर्ड. तुमच्या पेजवरच्या फोटोत टीपी4056 या चार्जिंग चिपचा प्रोटेक्शनवाला बोर्ड आहे, ज्याला सेलचे दोन आणि आउटचे, म्हणजे स्पीकरकडे जाणारे, दोन असे वेगळे पॉइंट असतात. मला आला तो बिनप्रोटेक्शनचा, आउट नाहीच त्यावर. चार्जिंग 4.2 व्होल्टला थांबतं हे ठीक, पण सेल उतरताना मध्येच तोडणारं काही नाही, शॉर्ट झालं तरी अडवणारं काही नाही. वडील रात्री अभंग लावून झोपतात, त्यांच्या उशाशी ठेवायलाच हा बनवला, आणि पहिल्याच रात्री वाजून बंद पडल्यावर मल्टिमीटर लावला तर सेल 2 व्होल्टवर! अडीचच्या खाली गेलेला लिथियम सेल आतून खराब होतो, तो परत चार्जिंगला लावला की तापू शकतो, पेट घेऊ शकतो, आणि हे सगळं चारी बाजूंनी बंद लाकडी डब्यात, झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी. विचार तरी केलाय का तुम्ही?

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे 7 दिवसांची रिटर्नची मुदत संपली. फळ्या कापायच्या, फेविकॉल लावून क्लॅम्पमध्ये ठेवायच्या, पॉलिश सुकू द्यायचं, याला वेळ लागतो हे किट विकणाऱ्याला माहीत नाही?

मला पूर्ण पैसे परत हवेत, पेजवरचा तो 9900 चा आकडा आणि फोटो आजच्या आज काढा, आणि हे किट ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्या सगळ्यांना मेसेज करून सांगा, ते सर्वात महत्त्वाचं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पोच आली नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आहे, टेस्टरचे आणि दोन्ही बोर्डांचे फोटो जोडलेत.

सेल काढून बाहेर गॅलरीत पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. असला खराब सेल मी कुरियरने पाठवणार नाही, न्यायला तुमचा माणूस पाठवा.