सीटखालच्या स्विचला तार लावायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळा, सोसायट्या, क्लब सगळ्यांना एकाच आठवड्यात मैदान साफ हवं असतं. दोन महिन्यांच्या पावसाने गवत गुडघ्याला लागलेलं असतं, झेंडावंदनाला पाहुणे यायचे असतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मी घाटकोपरला गवत कापायची मशीनं दुरुस्त करतो. खांद्याला अडकवायची, ढकलायची आणि वर बसून चालवायची मोठीसुद्धा. मोठ्या मशीनच्या दुरुस्तीबरोबर एक मागणी हमखास येते, "तो सीटखालचा स्विच उडवून टाका, सारखं बंद पडतंय." मी उडवत नाही. का, ते फोनवर सांगून सांगून कंटाळलो, म्हणून हे पत्र.

चालवणारा सीटवर बसला की हा स्विच दाबला जातो. पाती फिरत असताना तो उठला किंवा खाली पडला, तर स्विच सुटतो आणि इंजिन बंद होतं. खालच्या लोखंडी डेकमध्ये, म्हणजे पात्यांवरच्या कवचात, बहुधा दोन-तीन पाती असतात. दीड फुटाचं पातं मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या वर जातो. कुणीही कागदावर हिशेब मांडून बघावा. स्विचच्या वायरींना तार मारून दिली की मशीनच्या लेखी माणूस कायम बसलेलाच. मग तो चाकापाशी आडवा झालेला का असेना, पाती फिरतच राहतात.

तार मागणारे सगळे बेफिकीर असतात असं नाही. माळ्याला गवतात दगड दिसतो, करवंटी दिसते, तो उचलायला उठतो आणि मशीन बंद पडतं. चार वेळा असं झालं की मुकादम ओरडतो. ठेकेदाराला संध्याकाळच्या आत दुसऱ्या सोसायटीत जायचं असतं. खरं तर बहुतेक मशीनांवर पाती बंद करून हँडब्रेक लावला, तर उठल्यावरही इंजिन चालू राहतं. कंपनीनेच ती सोय दिलेली असते. पण हे त्या माळ्याला सांगणार कोण? माहितीपुस्तक इंग्रजीत, तेही ऑफिसच्या कपाटात, आणि मशीन कालच कामाला लागलेल्या पोराच्या हातात.

कधी कधी माणूस उठलेला नसतानाही इंजिन आचके देतं. खडबडीत मैदानात हलक्या वजनाचा माणूस सीटवर उसळतो आणि स्विच क्षणभर सुटतो. नाहीतर पावसात धुवून काढलेल्या मशीनच्या टर्मिनलला गंज धरलेला असतो. मुंबईच्या हवेत हे व्हायचंच. सीटची स्प्रिंग वजनाप्रमाणे बसवून घ्यावी, टर्मिनल साफ करावं, फारच झालं तर नवा स्विच टाकावा. मशीनच्या किमतीपुढे स्विचची किंमत चहापाण्याची.

पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती डेक चोक होण्याची. ओलं गवत कापलं की त्याचा लगदा आतून थापला जातो, कापलेलं गवत बाहेर पडत नाही आणि माणूस सवयीने वाकून हात घालतो. पाती बंद केली तरी ती फिरत्या अवस्थेतून थांबायला काही सेकंद घेतात. इंजिनच्या आवाजात ते कळतही नाही. अमेरिकेत घरगुती ढकलायच्या मशीनसाठी 1982 पासून नियम आहे, हँडल सोडल्यावर 3 सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. आपल्याकडची जुनी, तार मारलेली मशीनं किती वेळ घेतात ते मी वर्कशॉपमध्ये रोज बघतो. त्यात आणखी एक भानगड आहे. सगळी पाती एकाच पट्ट्याने जोडलेली असतात. इंजिन बंद असलं तरी एक पातं हाताने ढकललं की शेजारचंही फिरतं. म्हणून इंजिन बंद, चावी खिशात, पेट्रोलचं मशीन असेल तर प्लगची वायर काढलेली, आणि मग लाकडाच्या काठीने लगदा काढायचा. हातमोजे घातलेत म्हणून हात घालायचा नाही. गवत सुकू द्यायला दोन दिवस थांबता आलं तर उत्तमच, पण पंधरा ऑगस्ट थांबत नाही हे मलाही कळतं.

उतारावर ओलं गवत म्हणजे घसरगुंडी. ट्रॅक्टरसारखी बसायची मशीनं उतारावर वर-खाली चालवायची, आडवी नाहीत. 15 अंशांपेक्षा जास्त उतार, म्हणजे दहा फुटांत साधारण पावणेतीन फूट चढ, असेल तर मोठं मशीन नेऊच नये, तेवढा पट्टा हाताने कापावा. नाल्याकाठी किंवा संरक्षक भिंतीच्या कडेला मशीनच्या दोन रुंदींइतकं अंतर सोडावं, कारण पावसाने फुगलेली कड वजनाने ढासळते. काही मशीनांना मागे लोखंडी कमान असते, मशीन उलटलं तर माणूस वाचावा म्हणून. गुलमोहराची फांदी आडवी आली की कमान दुमडतात आणि मग दिवसभर दुमडलेलीच. कमान उभी असेल तर सीटचा पट्टा बांधलाच पाहिजे. दुमडलेली असेल तर बांधू नये, नाहीतर मशीन उलटताना माणूस सीटलाच अडकून राहतो. ही उलटी अट खुद्द मुकादमांनाही ठाऊक नसते.

मुलांबद्दल तर बोलावंच लागेल. रविवारी मैदानात मशीन फिरताना दिसलं की पोरं मागे धावतात आणि एखादे हौशी वडील "काका, याला एक राउंड मारून आणा ना" म्हणतात. मांडीवर घेतलेलं मूल एका हिसक्यात खाली जाऊ शकतं. मशीन मागे घेताना पाठीशी उभं असलेलं मूल चालवणाऱ्याला दिसत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की सोळा वर्षांखालील मुलांनी हे मशीन चालवू नये आणि मुलांना त्यावर बसवूही नये. आपल्याकडे हे सांगायला गेलं की लोक हसतात.

मंडप उतरलेल्या मैदानात खिळे आणि तारेचे तुकडे राहतातच. कापणीआधी एक फेरी पायी मारणं हे मुकादमाचं काम. गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरचं झाकण काढून ठेवलं असेल, तर तोच खिळा शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसापर्यंत जातो.

थ्रेशरवर, म्हणजे मळणीयंत्रावर, शेतमजुरांचे हात तुटू लागले, तेव्हा 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. शहरातल्या हिरवळीवर फिरणाऱ्या मशीनकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. मी कायद्याची वाट बघायला सांगत नाही. सोसायटी, शाळा, क्लब यांनी वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी घालाव्यात : स्विच आणि झाकण जागेवर असेल, आणि चालवणाऱ्याला स्लिपर नव्हे, बूट, चष्मा व कानांसाठी मफ दिलेले असतील. तपासायला अर्धा मिनिट पुरतो. मोकळ्या जागेत, आसपास कुणी नसताना, माळ्याने पाती चालू करून सीटवरून नुसतं किंचित उठावं, उतरू नये. इंजिन बंद झालं तर ठीक. चालूच राहिलं तर त्या दिवशीची कापणी तिथेच थांबवावी.

मी आता तार मारलेली आढळली की ती काढतो, स्विच जोडतो आणि बिलावर तसं लिहितो. या पावसाळ्यात दोघा-तिघांनी त्यावरून मशीन दुसरीकडे नेलं. माझ्यासारख्या इतर मेकॅनिकांनीही बिलावर ही ओळ लिहावी आणि कमिटीच्या सेक्रेटरींनी पैसे देण्याआधी ती वाचावी, एवढी विनंती.

आपला,
एक मशीन मेकॅनिक, घाटकोपर (पूर्व)