बोर्डोच्या मुलखातून

बोर्दो, फ्रान्स
जून महिना

ती. आण्णा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी इथे मजेत आहे. शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मेदोकला वाईनच्या द्राक्षांची एक बाग बघायला गेले होते. आण्णा, तुमच्या गळ्यात माळ आहे, म्हणून वाईनचं थोडक्यात लिहिते आणि बागेचं सविस्तर.

शहराच्या उत्तरेला जिरोंदची खाडी आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी. जमीन म्हणजे नुसते खडे-गोटे. पाणी झटकन निचरतं, मुळं खोल जातात, आणि इथल्या बागायतदारांना तेच हवं असतं. ठिबक कुठेच दिसलं नाही. इथल्या नियमांनी फळावरच्या बागेला पाणी द्यायला साधारण बंदीच आहे. मांडव नाही. वेल कमरेएवढा, तारेला एक-दोन काड्या बांधलेल्या. झाडाझाडांत एक मीटर, ओळींतही एक मीटर, म्हणजे हेक्टरी १०,००० झाडं! छाटणी वर्षातून एकदाच, वेल थंडीत झोपलेला असताना. आपल्याकडे एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी अशा दोन छाटण्या होतात हे सांगितल्यावर बाग दाखवणाऱ्या बाई चालता चालता थांबल्या आणि मलाच प्रश्न विचारायला लागल्या. आपल्या बागेबद्दल इतकं बोलायला मिळालं की काय सांगू.

फुलोरा चालू होता. एक घड हातात घेऊन पाहिला, तर हिरव्या टोप्या पडून तळहातावर भुकटीसारख्या साचल्या. आपल्या थॉमसन द्राक्षांसारखं मणी फुगवायला घड जीए या संजीवकात बुडवणं नाही, विरळणीची ती घाई नाही. इथे मणी लहान आणि साल जाड हवी, कारण लाल वाईनचा रंग सालीतून येतो.

मग त्या आम्हाला सँ-ज्युलियँच्या रस्त्यावर घेऊन गेल्या. आण्णा, तुमचा बोर्डो, म्हणजे मोरचूद या तांब्याच्या क्षाराचं आणि चुन्याचं फवारायचं मिश्रण, याच भागात जन्मला. अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर १८७८ च्या सुमारास इथे डाऊनी हा बुरशीचा रोग आला आणि बागांची पानगळ सुरू झाली. रस्त्याकडेच्या झाडांवर मात्र इथले लोक मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ च्या ऑक्टोबरात इथून जात होते. आतली बाग उघडी पडलेली आणि रस्त्याकडेच्या वेलांवर पानं शाबूत, हे त्यांनी पाहिलं. त्यावर त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रण जाहीर केलं. ते ऐकताना मला सारखी आपली पाण्याच्या टाकीजवळची पिंपं दिसत होती: एकात मोरचूद, एकात चुना, दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायचं, आणि विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबं चढलं की अजून चुना.

तळघरात ओकच्या लाकडाची २२५ लिटरची पिंपं ओळीने मांडलेली. त्यांत वाईन वर्ष-दीड वर्ष मुरते. गाळ बसवायला पूर्वापार अंड्याचा पांढरा बलक घालतात. मी घोटभर तोंडात घोळवून तिथल्या भांड्यात थुंकले, तशीच रीत आहे. कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड आवळतं.

आता मुख्य गोष्ट. ज्या मुलखाने बोर्डो दिला, तिथेच आता तांब्यावर मर्यादा आहे. तांबं जमिनीत साठून राहतं, निघून जात नाही, गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना त्रास होतो. युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं मारता येत नाही, सेंद्रिय बागेलाही नाही. आपल्या हिशोबात एकराला वर्षाकाठी सरासरी १.६ किलो. मोरचुदात तांबं साधारण पाव हिस्सा. एक टक्क्याचा बोर्डो एकरी ४०० लिटर मारला की एका फवारणीतच १ किलो तांबं जमिनीवर गेलं. पावसाळ्यात आपल्या किती फवारण्या होतात ते तुम्हीच मोजा.

बोर्डो बंद करा असं मी म्हणत नाही. पावसात डाऊनी काय करते ते मी लहानपणापासून बघितलंय. पण यंदा माती परीक्षणाला नमुना द्याल तेव्हा तांबंही तपासायला सांगा, जुन्या प्लॉटचं आधी. आजोबांपासून त्या मातीत बोर्डोच पडतोय. रिपोर्ट आला की दादाला फोटो पाठवायला सांगा, मी इथे त्या बाईंना दाखवीन. तसं त्यांनी आपणहून सांगितलंय.

आईच्या गुडघ्याचं कळवा. काकूंना नमस्कार, चिनूला पापा.

तुमची,
सुमन