अर्धवट गोधड्या आणि दुपारची रिकामी सभागृहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्थापना जवळ आली की नाशिकमध्ये घरोघरी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची लगबग सुरू होते. गोदाघाटावर गोधड्या वाळत पडतात आणि त्याच आवराआवरीत माळ्यावरून, दिवाणाच्या खणातून, शिलाई मशीनच्या मागून अर्धवट राहिलेल्या गोधड्यांची बोचकी निघतात. कुठे नुसते कापलेले चौकोन असतात, कुठे जोडून झालेला पण अस्तर न लागलेला वरचा थर, तर कुठे एका कोपऱ्यात सुई तशीच टोचून ठेवलेली वाकळ. गोधडी शिवण्याची मनापासून आवड असलेल्या माझ्या परिचयातील अनेक स्त्रिया हा ढीग पाहून इतक्या हताश होतात की नवे काही शिवण्याचा आनंदही त्यांना घेता येत नाही, आणि बोचके जसेच्या तसे पुन्हा वर जाते. घरातली माणसे याला आळस म्हणतात. तो बोल मला अन्यायाचा वाटतो, म्हणून हे पत्र.

पूर्वी गोधडी अर्धवट राहायला फारसा वाव नव्हता. कापड घरातलेच आणि वापरून मऊ झालेले असे. एका नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या की सुमारे दोन मीटर लांबीचे चार थर मिळत, मध्ये एखादे विरलेले धोतर गेले की पांघरूण पुरेसे जाड होई, आणि पुढचे लुगडे विरेपर्यंत दुसरी गोधडी सुरू करण्याचा प्रश्नच येत नसे. शिवण्याचे दिवसही कामानेच ठरवून दिलेले असत. शेतीची कामे उरकल्यावर उन्हाळ्यात बसायचे आणि पावसाच्या आत उठायचे, किंवा घरात बाळंतपण तोंडावर आले की दुपटी हाती घ्यायची. आता मोबाइलवर रोज नवी नक्षी दिसते, मेन रोडला गेले की सुती कटपीस समोर येतात, घरपोच तुकड्यांचे संचही मिळतात. सुरुवात करणे सोपे झाले, शेवट मात्र आजीच्या काळात होता तितकाच लांब राहिला.

तो किती लांब आहे, याचा हिशेब फारसे कोणी करत नाही. दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद गोधडीवर अडीच सेंटिमीटर अंतराने धावदोरा घातला, तर ५० ओळी होतात, म्हणजे १०० मीटर शिवण. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरले, तर टाके १०,००० भरतात. जुन्या दाट गोधड्यांत ओळी याच्या निम्म्या अंतरावर असत, म्हणजे टाके दुप्पट. एवढे काम ‘या रविवारी संपवून टाकू’ अशा मनसुब्याने हाती घेतले, तर रविवारच्या संध्याकाळी निराशाच पदरी येणार, आणि दोष गोधडीला न देता बाई तो स्वतःला देणार. हाच आकडा उलटा मांडला, तर रोज दोन ओळींनी ती गोधडी २५ दिवसांत पुरी होते. आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या दोन ओळी खडूने आखून ठेवल्या, तर दुपारी विचार न करता सुई हाती घेता येते. आखलेले तेवढे शिवायचे आणि उठायचे. मी अनेक वर्षे गोधड्या शिवत आले आहे, आणि उत्साह टिकवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

ढीग मोठा असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. ढिगाकडे एकच काम म्हणून पाहिल्यामुळे छाती दडपते, आणि बहुतेक जणी सर्वांत जुने बोचके आधी उघडतात, कारण त्याची टोचणी सर्वांत जास्त असते. नेमके तेच बहुधा सर्वांत अवघड निघते. त्यापेक्षा प्रत्येक गोधडी कोणत्या टप्प्यावर थांबली आहे ते पाहावे. कडेच्या पट्टीवाचून राहिलेल्या वेगळ्या काढाव्यात, थर टाचून झालेल्या वेगळ्या, वरचा थर जोडलेल्या वेगळ्या आणि नुसत्या तुकड्यांच्या वेगळ्या. पट्टीवाचून राहिलेल्या गोधड्यांना थोडेच काम उरलेले असते. त्या सगळ्यांच्या पट्ट्या एकाच दिवशी कापून ठेवल्या, तर आठवड्याभरात घरात पुरी झालेली गोधडी दिसते आणि पुढच्या कामाला बळ येते.

अर्धवट कामाची टोचणी ही केवळ कल्पना नाही. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांतून १९२७ मध्ये असे मांडले की मध्येच थांबवलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. नंतरच्या संशोधकांना दर वेळी तोच निष्कर्ष मिळाला नाही हे खरे, पण २०११ मध्ये मसिकँपो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलेली गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे: काम पुरे होण्याआधीसुद्धा, ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली की त्याचे विचार मनात घोळणे बरेच कमी होते. म्हणून प्रत्येक बोचक्याला एक चिठ्ठी टाचावी आणि तिच्यावर पुढची एकच कृती लिहावी: ‘अस्तरासाठी अडीच मीटर मांजरपाट आणणे’, ‘डाव्या बाजूच्या सहा ओळी’, एवढेच. त्या चिठ्ठीत रंगसंगती, दोरा आणि कुठे थांबलो हेही लिहून ठेवले, तर वर्षाने बोचके उघडल्यावर आठवण्यात वेळ जात नाही.

काही गोधड्या पुऱ्या करूच नयेत, असेही माझे मत आहे. नायलॉनची साडी आणि सुती कापड एकत्र घेतलेली गोधडी धुतल्यावर सुती थर आटतो, नायलॉन तसेच राहते आणि सगळीकडे फुगवटे येतात. तीत आणखी दोरा घालण्यापेक्षा चांगले तुकडे उसवून घ्यावेत आणि बाकीचे मन न कचरता फरशी पुसायला द्यावे. ज्या नक्षीचा आता कंटाळा आला आहे, ती ज्या मैत्रिणीला आवडेल तिला द्यावी. गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोष्ट निराळी. आईचे लुगडे, वडिलांचे सदरे समोर घेऊन कात्री चालत नाही, आणि ती चालत नाही म्हणून आपल्याला काम जमत नाही असे त्या बाईला वाटत राहते. तिथे घाई करण्याचे काहीच कारण नाही, पण कापडाची काळजी मात्र घ्यायला हवी. जुने सूत एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले की घडीवरच विरते, प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडून बुरशी धरते, जरीचा काठ शेजारच्या मऊ कापडाला कापतो, आणि कसर लागली की सगळेच जाते. असे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, सुती फडक्यात बांधावेत आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. मोठी गोधडी झेपत नसेल, तर त्याच लुगड्याच्या पदराचे एक दुपटे किंवा उशीचा अभ्रा करावा. आईच्या कापडाचा मान त्याने कमी होत नाही.

आता या पत्राचे मुख्य मागणे. माझ्या पाहण्यात सर्वाधिक गोधड्या वरचा थर जोडून झाल्यावर, वरचा, मधला आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र टाचण्याच्या टप्प्यावर अडतात, आणि त्याचे कारण मनात नसून घरात आहे. थर टाचण्यासाठी मोकळी, स्वच्छ जमीन लागते, कापड ताणून धरायला समोर दुसरे माणूस लागते, आणि वाकून-सरकून चारही बाजूंना फिरावे लागते. सिडकोतल्या छोट्या घरात किंवा सोफ्याने भरलेल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये साठीच्या बाईने हे एकटीने कसे करावे? वाड्याच्या ओसरीवर चौघीजणी चार कडांना बसत आणि काठाकडून मध्याकडे शिवत येत, तेव्हा त्या १०,००० टाक्यांचे चार वाटे होत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे गाव तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांसाठी विख्यात आहे. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तिथेही वरचा थर बहुधा एकेकटीने जोडायचा आणि थर एकत्र शिवायला मात्र सगळ्याजणींनी बसायचे, असाच परिपाठ होता. त्याच परिसरातील स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी केली, तीही एकत्र बसण्याच्या याच सवयीवर.

नाशिकमध्ये प्रभागोप्रभागी समाजमंदिरे आणि ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रे आहेत, वसाहतींची सभागृहे आहेत, आणि चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसल्याने मंगल कार्यालयांनाही दुपारी उसंत असते. यांपैकी जिथे शक्य असेल तिथे आठवड्यातून एक दुपार, दोन ते पाच, केवळ अर्धवट गोधड्यांसाठी मोकळी मिळावी, अशी माझी लोकप्रतिनिधींना, संस्थाचालकांना आणि कार्यालयांच्या मालकांना विनंती आहे. वर्ग, शिक्षिका, स्पर्धा यांपैकी काही नको. जागा शक्यतो तळमजल्यावर असावी, खिडकीचा उजेड आणि दोन सतरंज्या असाव्यात, आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी चार खुर्च्या व एक लांब टेबल असावे. प्रत्येकीने आपले एकच बोचके आणावे, आणि एकीचे थर टाचून झाले की सगळ्यांनी दुसरीच्या गोधडीकडे वळावे. निफाड-नाशिककडे थंडी कशी उतरते हे वाचकांना सांगायला नको. नवरात्रात सुरुवात झाली, तर मार्गशीर्षाच्या आत प्रत्येकीची निदान एक गोधडी अंगावर घेण्याजोगी होईल. आपल्या भागात अशी जागा असल्याचे ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी याच सदरात तसे कळवावे.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक