यजमान कुटुंब वृत्तांतातून वगळू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी सेवाकार्यासाठी गेलेल्या ख्रिस्ती गटांचे वृत्तांत आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतात. किती जण गेले, किती सभा घेतल्या, कोणत्या शाळेच्या भिंती रंगवल्या, हे सारे त्यांत असते. मात्र ही माणसे रात्री कोणाच्या घरी झोपली आणि त्यांच्यासाठी पहाटे कोण उठले, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. आमच्या गटाचा असाच एक वृत्तांत मी स्वतः लिहिला होता आणि ज्या कुटुंबाने आम्हाला सांभाळले त्याला मी ‘निवासाची सोय स्थानिक मंडळीने (म्हणजे तिथल्या चर्चने) केली’ एवढ्या एका वाक्यात उरकले होते. ती चूक मनाला फार खुपते, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघे त्या घरी सोळा दिवस राहिलो. आई-वडील, तीन मुले आणि आजी असे सहा जणांचे ते कुटुंब. आम्हाला दिलेली खोली स्वच्छ होती. खिडकीपाशी एक मेज होते आणि मेजावर दिवा होता. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा बाहेरच्या खोलीत घरातले सगळे जमिनीवर एका ओळीत झोपलेले दिसले, आजीसुद्धा. त्या घरात झोपण्याची खोली एकच होती आणि ती आम्हाला मिळाली होती, हे तेव्हा कळले. सकाळी मी खाणाखुणांनी अदलाबदल सुचवली, तेव्हा घरच्या बाईंनी आपले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून एका वचनावर बोट ठेवले. तेच वचन मी माझ्या मराठी प्रतीत शोधले. ‘२ राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातले दहावे वचन होते ते: शुनेम गावातली स्त्री अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधावी म्हणते आणि तिथे पलंग, मेज, आसन व दिवा ठेवावा असे नवऱ्याला सुचवते. आमच्या खोलीतले मेज आणि दिवा कुठून आले होते, ते मला त्या क्षणी उमगले.

आमची भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची आम्हाला. तरीही रोज संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आम्ही एकत्र केली, कारण अध्यायांचे आणि वचनांचे क्रमांक दोन्ही प्रतींत होते. नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या उत्तरार्धाला, आज प्रचलित असलेले वचनक्रमांक रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली दिले. त्या मुद्रकाचे उपकार मला त्या घरात प्रथमच जाणवले. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत मात्र गोंधळ झाला. प्राचीन ग्रीक भाषांतराच्या परंपरेतल्या प्रतींत बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो, त्यामुळे आम्ही तेविसावे स्तोत्र वाचत होतो आणि ते त्याच क्रमांकाखाली आमच्या प्रतीतले चोविसावे. घरातल्या मोठ्या मुलीच्या ते आधी लक्षात आले. तिने आजीच्या पुस्तकाचे पान उलटून बाविसावे स्तोत्र काढून दिले आणि मग ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेच शब्द एकाच खोलीत दोन भाषांत वाचले गेले. सेवेसाठी आपण गेलो होतो की आपली सेवा होत होती, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून मला सुटलेला नाही.

नव्या करारात यजमानांची नावे किती काळजीने जपली आहेत, हे मी घरी परतल्यावर पाहिले. फिलिप्पैमध्ये प्रेषित पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रहाने घरी नेणारी लुदिया, करिंथमध्ये त्याला घरात आणि तंबू शिवण्याच्या कामातही सोबत घेणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला, रोमकरांस पत्राच्या अखेरीस पौलाचा व सर्व मंडळीचा आतिथ्य करणारा म्हणून उल्लेखलेला गायस, मिलिता बेटावर तीन दिवस पाहुणचार करणारा पुब्ल्य: या साऱ्यांचा उल्लेख नावानिशी आहे. त्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो थेस्सलनीकाचा यासोन. पौल व त्याचा सोबती सीला सापडले नाहीत म्हणून जमावाने त्याला घरातून ओढून शहराच्या अधिकाऱ्यांपुढे नेले आणि त्याच्याकडून जामीन घेऊन मग त्याला सोडले. पाहुणे त्याच रात्री बिरुयाला रवाना झाले. यासोनाचे घर मात्र त्याच शहरात होते.

हे जुन्या काळापुरते आहे असे कोणी समजू नये. परदेशी पाहुणा घरी उतरला की त्याची नोंद पोलिसांकडे करणे कित्येक देशांत यजमानावर बंधनकारक असते, आणि पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसावर धर्मप्रसार करण्यास अनेक देशांत मनाई असते. पाहुण्याने उत्साहाच्या भरात नियम मोडला तर तो बहुधा परत पाठवला जाईल. चौकशीला सामोरे जाणारे आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे कुटुंब तिथेच राहते. म्हणूनच कोणत्या व्हिसावर काय करता येते हे निघण्यापूर्वी विचारून घेणे, घरातल्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या स्पष्ट संमतीवाचून समाजमाध्यमांवर न टाकणे आणि मुलांसोबत एकट्याने न राहण्याचा दंडक पाळणे ही प्रत्येक गटाची जबाबदारी आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

खर्चाची बाब याहून अवघड आहे. आमच्या प्रवासाची आखणी करणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात विमानभाडे, विमा, छापील साहित्य अशा सर्व गोष्टींचे रकाने होते. यजमानांच्या खर्चाचा रकाना नव्हता. सोळा दिवस दोन माणसांचे जेवण, पाणी, वीज हे सारे एका कुटुंबाने सोसले आणि ते आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळले. मी पैशांचे पाकीट पुढे केले तेव्हा घरच्या गृहस्थांचा चेहरा असा उतरला की तो प्रसंग आठवला की आजही वाईट वाटते. तिथल्या चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) मग मला समजावले की घरात उतरलेल्या पाहुण्याने हातात पैसे ठेवले तर पाहुणचाराला किंमत लावल्यासारखे होते, आणि एकाच कुटुंबाला दिले तर मंडळीत नाराजी निर्माण होते; गटाने निघण्यापूर्वीच स्थानिक मंडळीकडे रक्कम द्यावी आणि मंडळीने ती सर्व यजमान घरांना सारखी वाटावी, म्हणजे कोणाचाही मान दुखावत नाही. इतकी साधी व्यवस्था आम्हाला आधी सुचली नाही, याचे मला दुःख आहे.

आरंभीच्या मंडळ्यांनी हा प्रश्न ओळखला होता. फिलोथेओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना १८७३ साली सापडलेल्या आणि त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिडाखे’ या प्राचीन शिकवण-ग्रंथात फिरत्या प्रेषिताचे स्वागत प्रभूप्रमाणे करावे असे सांगितले आहे. पण त्याने एक दिवस, गरज असल्यास दोन दिवस राहावे, तिसऱ्या दिवशीही राहिला तर त्याला खोटा समजावे, आणि निघताना पुढच्या मुक्कामापुरत्या भाकरीखेरीज काही घेऊ नये, असेही बजावले आहे. स्वागताची आज्ञा आणि पाहुण्यावरची मर्यादा एकाच ठिकाणी लिहिणाऱ्या त्या लोकांनी यजमानाचे ओझे जवळून पाहिले असले पाहिजे. पौलानेही कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम केल्याचे थेस्सलनीकाकरांस लिहिले आहे. दोन-दोन आठवडे राहणाऱ्या आम्हा आधुनिक प्रवाशांनी निदान भांडी घासायला, पाणी भरायला आणि अंगण झाडायला हात लावावा. आम्ही पहिले चार दिवस तेही केले नाही, कारण ते आम्हाला करू देत नसत. पाचव्या दिवशी न विचारता मी आजींच्या शेजारी बसून भाजी निवडू लागलो आणि त्यांनी काही न बोलता अर्धी भाजी माझ्यापुढे सरकवली. त्यानंतर त्या घरात आम्हाला परके वाटले नाही.

आपणास माझी विनंती अशी की, यापुढे असे वृत्तांत छापताना ते पाठवणाऱ्यांकडून यजमान मंडळीविषयी आणि कुटुंबांविषयी चार ओळी अवश्य मागून घ्याव्यात. जिथे नाव छापल्याने त्या कुटुंबाला त्रास होण्याचा संभव असेल तिथे नाव व गाव वगळावे, जसे मी या पत्रात वगळले आहे. पण त्यांनी काय केले ते सांगावे. आमच्या गटाचा वृत्तांत मी नव्याने लिहून आमच्या मंडळीच्या समितीकडे दिला आहे. त्याचा आरंभ आता सभांच्या संख्येने होत नाही, तर जमिनीवर झोपलेल्या त्या सहा जणांपासून होतो.

आपला नम्र,
एक वाचक